साठीवरच्या स्त्रिया

अंबूबाई वारल्या तेव्हा त्यांच्या क्षयरोगावरील उपचारांचा बहात्तरावा दिवस होता. ही माहिती संगणकाची. खैरगव्हाणच्या मृत्युनोंदवहीत कारण ‘वार्धक्य’ असे लिहिलेले होते. त्याखाली तारीख आणि सही. रुग्ण मरण पावला की त्याची नोंद बंद होते आणि औषधे थांबतात. यात गैर काही नाही. मृतांना औषधे द्यावीत असे कोणत्याही मार्गदर्शक पुस्तिकेत म्हटलेले नाही.

म्हणूनच ब्याऐंशीव्या दिवशी गावच्या आशा कार्यकर्त्या बेबीताई अंबूबाईंच्या गोळ्या मागायला आल्या, तेव्हा मी हातातली नोंदवही मिटली.

मी त्या तालुक्याच्या क्षयरोग केंद्रात तीन महिन्यांसाठी आले होते. माझे काम रुग्ण तपासण्याचे नाही, आकडे तपासण्याचे आहे. साखरखेर्डा आणि दुसरबीडच्या आसपासच्या अठ्ठावीस गावांच्या पंचवीस वर्षांच्या नोंदी मी वयोगटांनुसार आणि जन्मदशकांनुसार मांडत होते. त्यामागचा विचार सोपा आहे. क्षयाचा जंतू छातीत शिरला की बहुधा झोपून राहतो, कधी कधी चाळीस-पन्नास वर्षे. साठच्या दशकात जन्मलेली पिढी खोकणाऱ्या माणसांच्या दाटीत वाढली. तिच्यातल्या अनेकांच्या छातीत तो आजही आहे. म्हातारपणी शरीर थकले की तो उठतो. पुढच्या पिढ्यांच्या वाट्याला तो कमी कमी येत गेला. त्यामुळे रोग खरोखर हटत असेल, तर रुग्णांचे सरासरी वय वर सरकत जाते. साठीचा रुग्ण बहुधा पन्नास वर्षांपूर्वीच्या संसर्गाचा पुरावा असतो. विशीतला रुग्ण मात्र सांगत असतो की त्याच्याजवळ आत्ता, या वर्षी, कोणीतरी खोकते आहे.

माझ्या आकड्यांत वय वर सरकत होते. फक्त एक गोष्ट वाकडी होती. गेल्या चार वर्षांत साठीवरच्या स्त्रियांचे रुग्णप्रमाण दुपटीहून अधिक वाढले होते. त्याच वयाच्या पुरुषांचे वाढले नव्हते. विशीतल्या मुली तर नोंदींतून जवळजवळ नाहीशा झाल्या होत्या. मी याचे स्पष्टीकरण लिहून ठेवले होते: चुलीचा धूर, मधुमेह, अपुरे पोषण. तीन परिच्छेद, सतरा संदर्भ. अहवाल सोमवारी जायचा होता आणि त्यात म्हटले होते की या पट्ट्यात रोगाचा नवा प्रसार जवळपास थांबला आहे.

औषधांच्या खिडकीशी माणिकराव बसत. गोळ्यांचे डबे देणे हे त्यांचे काम आणि टोमणे मारणे हा विरंगुळा.

“बाई मेली ना हो, बेबीताई?”

“हाव.”

“मंग गोळ्या कोनाले? वर पार्सल करता का?”

“एक डबा द्या ना भाऊ. मी सही देतो.”

“अन् सही कोनाच्या नावानं देसान? यमाच्या?”

रांगेतली माणसे हसली. बेबीताई हसल्या नाहीत. त्यांनी खिडकीच्या गजाला धरलेला हात सोडला नाही. “दोनच दिवसाच्या राह्यल्या हायत,” त्या म्हणाल्या, आणि आपण काय बोललो हे कळताच त्यांनी गज सोडला.

दहा दिवसांपूर्वी वारलेल्या स्त्रीजवळ आज अकरा-बारा दिवसांच्या गोळ्या उरायला हव्यात. दोनच उरल्या असतील तर मधल्या दहा दिवसांच्या कोणीतरी घेतल्या आहेत.

मी अंबूबाईंचे कार्ड काढले. वय पासष्ट. वजन सुरुवातीला एकेचाळीस किलो, दोन महिन्यांनी शेहेचाळीस. छातीची फिल्म पडद्यावर उघडली. उजव्या वरच्या बाजूला रोगाचा डाग होता, त्याबद्दल शंका नव्हती. पण महाधमनीच्या कमानीवर उतारवयात दिसणारी कॅल्शियमची बारीक रेघही नव्हती, फासळ्यांच्या कुर्च्या कोऱ्या होत्या, आणि खांद्याकडून गळ्याशी येणाऱ्या हाडाचे आतले टोक अजून जुळलेले नव्हते. ते टोक साधारण पंचविशीच्या आसपास जुळते. एकदा जुळले की पुन्हा सुटे होत नाही.

अकील शेख या केंद्रात एकोणीस वर्षे उपचार पर्यवेक्षक होता. तालुक्यातला प्रत्येक रुग्ण त्याला घरासकट ठाऊक. मी त्याला पडद्यासमोर बसवले.

“अकीलभाई, ही छाती पासष्ट वर्षांच्या बाईची नाही.”

“नवं मशीन हाय मॅडम. फोटो साफ येते.”

“फोटो साफ येतो. हाडं लहान होत नाहीत.”

त्याने चहाचा कप खाली ठेवला. फिल्मकडे पाहिले. मग माझ्याकडे, काहीशा दयेने.

“तुमाले कोनी सांगतलंच नाई का अजून? लग्नाची पोरगी अन् टीबी, ह्या दोन गोष्टी आमच्याइकडं एका कागदावर लिहीत नसतात. घरात बुढी असतेच. तिचं आधार, तिचं नाव, तिचं वय. थुंकीच्या डबीवर फोटो थोडाच रायते?”

“आणि क्ष-किरणाच्या वेळी?”

“तोंडाले ओढनी. आतला मानूस नाव पुकारते, मान वर करत नाई.”

“आणि तुम्ही लिहून घेता.”

“मी डबी लिहून घेतो, मॅडम. पोरगी गोळ्या खाते, बरी होते, सासरी जाते. बुढीबी बरी होते कागदावर. हिंदूच्या घरी तेच, आमच्या घरी तेच. कोनाचं काय गेलं?”

“किती असतील अशा?”

“मी मोजल्या नाई,” अकील म्हणाला. “मोजल्या तं तुमीच ना?”

मी मोजल्या होत्या. एकतीस. त्यांतल्या किती खऱ्या आज्या होत्या आणि किती नाती, हे आता मला सांगता येत नव्हते. त्या दुपारी मी ते तीन परिच्छेद खोडले. त्यांच्या जागी एक वाक्य लिहिले, तेही खोडले. कोणाचे काय गेले, याचे उत्तर कठीण नव्हते. आजी आजारी म्हणून तिच्या आसपासची माणसे तपासली गेली होती. नात कोणाबरोबर बसते, कोणापासून तिने हा रोग घेतला, हे विचारायला कोणी गेले नव्हते; कारण नात कागदावर आजारी नव्हतीच. जो कोणी खोकत होता तो चार वर्षे निर्वेध खोकत होता.

पण ते सोमवारचे काम. एका घरात दोन दिवसांच्या गोळ्या उरल्या होत्या. एकशे अडुसष्ट दिवसांचा उपचार चौऱ्याऐंशीव्या दिवशी, म्हणजे बरोबर मध्यावर, तुटणार होता. आजी मरण्याची शक्यता या व्यवस्थेत कोणी धरलेली नव्हती. पासष्टीच्या स्त्रियांविषयी हे आश्चर्यकारक दुर्लक्ष म्हणावे लागेल.

क्षयाच्या उपचारादरम्यान झालेल्या प्रत्येक मृत्यूची घरी जाऊन चौकशी करावी लागते. तसा छापील नमुना आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो नमुना घेऊन अकीलच्या मोटारसायकलवर मागे बसले. बेबीताई फाट्यावर भेटल्या, नातीचे नाव दीपमाला एवढेच सांगितले आणि आमच्या आधी चालत गावात शिरल्या.

रंगराव, म्हणजे अंबूबाईंचे चिरंजीव, अर्ध्या एकराच्या शेडनेटमध्ये, म्हणजे जाळीच्या मांडवात, बियाण्याची मिरची करत. घर शेडनेटला लागूनच. तेरवी दुसऱ्या दिवशी होती. अंगणात भाड्याची पातेली उतरवलेली, सतरंज्यांची चळत, आणि मुंडन केलेले रंगराव एका खुर्चीवर. त्यांनी आम्हाला पाणी दिले. मी नमुना उघडला.

“मृत्यूपूर्वी खोकला किती दिवस होता?”

“माय झोपेत गेली, मॅडम. खोकला कायचा? सकाळी चहा घेऊन गेलो तं...” ते थांबले. अकीलने घसा खाकरला. “हाव हाव,” रंगराव म्हणाले, “खोकला होता. थोडा थोडा.”

“भूक?”

“भाकर खाये दोन. म्हणजे... नसे खात.”

“वजन पाच किलो वाढलं होतं.”

रंगरावांनी बेबीताईंकडे पाहिले. बेबीताई सतरंज्या मोजू लागल्या. मी पेन्सिल खाली ठेवली.

“दादा, तुमच्या आईंबद्दल मला खरंच वाईट वाटतं. पण मी त्यांच्यासाठी आलेली नाही. दीपमालाच्या गोळ्या उद्या संपतात.”

रंगराव उठून उभे राहिले आणि पुन्हा बसले. आवाज खाली आणून म्हणाले, “जरा हळू. पातेलेवाला बाहीरच हाय.” मग अकीलकडे वळून, “तू सांगतलं काय बे?”

“हाडानं सांगतलं,” अकील म्हणाला.

“असं पाहा, मॅडम,” रंगराव म्हणाले. “पोरीचं दुसरबीडले जमून राह्यलं. चांगले लोक हायत, पोराचं खताचं दुकान हाय. उद्या तेरवीले येऊन राह्यले. घरात मौत झाली तं एक तं महिन्याभरात उरकून घ्या लागते, नाई तं वर्षभर थांबा. थे म्हणतात महिन्यात उरकू. मी हो म्हटलं. आता तिचं नाव टीबीत गेलं तं? मायचं काय, मायचं लगन थोडंच व्हायचं राह्यलं होतं? म्हणून तिचं देल्लं. तिले सांगूनच देल्लं. माय म्हने, ने माहं नाव, मले काय कराचं हाय त्याले.”

“आता ते नाव बंद झालं.”

“तुमी चालू करा ना. तुमी मोठ्या डॉक्टर. चूक झाली म्हना, बाई जित्ती हाय म्हना. तीन महिने फक्त. मंग मारून टाका पुन्हा.”

हे अशक्य नव्हते. ‘निष्पत्ती चुकीची नोंदवली’ असा एक पर्याय संगणकात आहे. तो दाबला की बंद नोंदीचे करडे नाव पुन्हा काळे होते, नोंद चालू होते. अर्ध्या मिनिटाचे काम. अकील माझ्याकडेच पाहत होता. त्याच्या पाठीवरच्या पिशवीत पुढच्या महिन्याचा डबा असल्याचे मला ठाऊक होते. त्याने तो कोणत्या नोंदीवर काढला हे मी विचारले नव्हते.

“करा ना मॅडम,” तो म्हणाला. “पोरगी तं बरी होईन.”

मी लगेच ‘नाही’ म्हणाले नाही, हे नोंदवायला हवे. समोर गोळ्या हव्या असलेली एक मुलगी होती. तिच्यामागे, अजून कोणी न पाहिलेल्या एखाद्या खोलीत, आणखी कोणी असेल किंवा नसेल. पहिली गोष्ट निश्चित होती, दुसरी अनुमान. आयुष्यभर मी लोकांना सांगत आले की अनुमानासाठी निश्चित गोष्ट सोडू नये.

“बाबा,” शेडनेटच्या पडद्याआडून आवाज आला, “आजीले मरू द्या आता.”

दीपमाला बाहेर आली. वीस वर्षांची, सडसडीत. बोटांना पिवळसर परागाची भुकटी आणि मनगटाला लाल दोऱ्याचे रीळ. एका फुलाचे पराग दुसऱ्याला लावायचे आणि त्या फुलाला खुणेचा दोरा बांधायचा, हे काम सकाळीच करावे लागते. तेरवी असो की नसो.

“तू आत जाय,” रंगराव म्हणाले.

“आतूनच आलो.” ती माझ्यासमोर जमिनीवर बसली. “मॅडम, माहं नाव लिहिलं तं कोनाकोनाले दिसते?”

“केंद्रातल्या चौघांना. आणि मला. गावात कोणाला सांगणं नियमात बसत नाही.”

“नियमात नाई बसत. बेबीमावशी तं सांगते.”

“मी कवा सांगतलं वं?” बेबीताई उसळल्या.

“अलफियाच्या दादीच्या नावावर अलफिया गोळ्या खाते, हे मले कोनं सांगतलं? तुमीच सांगतलं. म्हने, तसंच कर.”

बेबीताई काही बोलायला गेल्या, तेवढ्यात एक पातेले घरंगळले. त्या ते सावरायला धावल्या आणि बराच वेळ सावरत राहिल्या.

“बंद केल्या गोळ्या तं काय होते?” दीपमालाने विचारले. “मले आता बरं वाटते. चढ चढतो, दम नाई लागत.”

“बरं वाटतं, कारण बहुतेक जंतू मेलेत. उरलेत ते सगळ्यांत चिवट. तेच पुन्हा वाढले तर याच गोळ्या चालतील याची खात्री नाही.”

“नक्की वाढतात?”

“नक्की नाही. शक्यता आहे.”

“किती?”

“तुझ्यापुरता आकडा मला सांगता येत नाही. कोणी सांगत असेल तर तो अंदाज आहे.”

“तुमी माह्या जागी असत्या तं?”

“मी एक दिवस चुकवला नसता.”

ती दोऱ्याचे टोक बोटाला गुंडाळत राहिली. मी पर्याय सांगायला सुरुवात केली, दुसऱ्या तालुक्यात नोंद, पत्ता मामाचा. तिने मान हलवली.

“मंग तिथं कोनाची आजी शोधू? लग्न होऊन गेलो अन् तिथं गोळ्या सापडल्या तं कोनाच्या सांगू, सासूच्या?”

अकीलला हसू आले. त्याने ते दाबले. रंगरावांना आले नाही.

“अन् दुसरबीडवाल्यायले काय सांगू मी?” ते म्हणाले. “उद्या येऊन राह्यले थे. महिन्यात उरकतो म्हटलं मी त्यायले.”

“सांगा, माय गेली, मन लागत नाई. वर्ष पाळतो म्हना.”

“वर्ष?”

“मायसाठी वर्ष पाळतो म्हटलं तं कोन नाई म्हनन? उलट नाव काढतीन. तीन महिन्यात गोळ्या सरतात, मंग नऊ महिने बसा पानसुपारी खात.”

“अन् नाई थांबले थे?”

“तं नाई थांबले.” हे वाक्य तिने आधीच्या वाक्यांइतक्या सहज म्हटले नाही. बोटाला गुंडाळलेला दोरा तुटला. “बाबा, महिन्याभरात गेलो असतो तं पंधरा दिवसात खोकत वापस आलो असतो. तवा कोनाचं नाव देल्लं असतं?”

रंगरावांनी आपल्या तुळतुळीत डोक्यावरून एकदा हात फिरवला, पातेलेवाल्याला हाक मारून भांडी मागच्या बाजूला लावायला सांगितली आणि स्वतःही त्याच्याबरोबर गेले. संमती म्हणजे नेमके काय, यावर आमच्या क्षेत्रात बरेच लेखन आहे. त्यांचे जाणे मी संमती मानले नाही. नकारही मानला नाही. मुलगी सज्ञान होती. तिची संमती पुरेशी होती.

अंगणात नेटवर्क नव्हते, म्हणून आम्ही शेडनेटमध्ये गेलो. मिरचीच्या ओळींमधल्या अरुंद वाटेवर अकील टॅबलेट घेऊन उकिडवा बसला. नाव: दीपमाला रंगराव. वय: वीस. मोबाइल क्रमांक तिने स्वतःचा दिला. संदेश वडिलांच्या फोनवर जाणार नाहीत हे दोनदा विचारून घेतले.

‘यापूर्वी क्षयाची औषधे घेतली आहेत का?’ या प्रश्नावर अकीलचे बोट थांबले. ‘नाही’ म्हटले तर ते खोटे. ‘होय’ म्हटले तर मागच्या उपचाराचा क्रमांक मागितला जातो, आणि तो क्रमांक एका मृत स्त्रीचा होता.

“नाई टाकू?” त्याने विचारले. “सोपं रायते.”

“होय टाका.”

मी केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन लावला. त्यांनी प्रथम अकीलला, मग व्यवस्थेला आणि शेवटी मला दोष दिला, आणि तिघांचा हिशेब झाल्यावर म्हणाले की उपचार खंड न पाडता पुढे चालवा, ते लेखी देतील. शेऱ्याच्या चौकटीत मी लिहिले: त्र्याऐंशी दिवसांची मात्रा अन्य नावाने पूर्ण, चौऱ्याऐंशीव्या दिवसापासून पुढे. अकीलने पिशवीतला डबा काढून तिच्या हातात दिला. तिने तो उघडून पट्ट्या पाहिल्या, त्याच आहेत याची खात्री केली, आणि ओढणीत बांधला.

“आता शेवटचं,” मी म्हणाले. “गेली दोन वर्षं, रोज, बंद खोलीत, घराबाहेर. कोणाबरोबर बसत होतीस?”

“शिवनक्लासले.” ती विचार न करता म्हणाली. “बसस्टँडमागं जयमालाताईचा क्लास हाय. आमी आठ जनी. पोरं डोकावतात म्हणून शटर पाडून बसतो.”

“नावं सांग.”

“अलफिया...”

“बानोदादीची?” अकीलने विचारले. बानोदादी माझ्या यादीत होत्या: वय बासष्ट.

दीपमाला नावे सांगत गेली. तिसऱ्या नावानंतर अकील टॅबलेटकडे पाहीनासा झाला. पाचव्या नावाला त्याने कपाळाला हात लावला; या घरांतल्या आज्या त्यानेच नोंदवल्या होत्या. टॅबलेटवर चौघांचीच जागा होती. मी अंबूबाईंच्या चौकशीचा नमुना उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहू लागले. एकत्र बसणे म्हणजे एकमेकींपासून लागण झाली असे सिद्ध होत नाही. योगायोग असू शकतो. मी तो शब्द कागदाच्या कडेला लिहिला, आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह घातले.

“सात झाली. आणि आठवी तू. शिकवणाऱ्या ताई?”

एका फुलाला दोरा बांधायचा राहिला होता, तो तिने बांधला.

“त्यायचं नका लिहू. त्या चांगल्या हायत. फी नाई घेतली माही सहा महिने.”

“त्यांना काही त्रास आहे?”

“काई नाई. धाग्याची ॲलर्जी हाय. धूळ उडते ना, म्हणून खोकतात.”

“कधीपासून?”

“मी क्लासले लागलो तवा होतीच.”

अकील उठला, गुडघे झटकले आणि मोटारसायकलची किल्ली शोधू लागला. ती त्याच्या हातातच होती. मी आठ नावांखाली नववे लिहिले. दीपमालाने ते उलटे वाचले.

“क्लास किती वाजता असतो?” मी विचारले.

“अकराले.” ती पुढच्या झाडाकडे वळली. “शटर जोरात ठोकजा. मशिनी चालू असल्या तं आत आयकू येत नाई.”